घटक क्रमांक पाच

एक आनंदाची बातमी छापायची राहून गेली आहे. या देशातली अठ्ठ्याऐंशी लाख घरांची टंचाई एकही वीट न रचता आणि एक घमेलं सिमेंट न कालवता दूर झाली. गवंडी लागला नाही की वाळूसाठी तहसीलदाराच्या दारात उभं राहावं लागलं नाही. पंतप्रधान आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ ला सुरू झाली, तेव्हा शहरांतल्या गरिबांसाठी दोन कोटी घरं बांधू असं सांगितलं गेलं होतं. मग राज्यांकडून मागणी मागवली. अर्ज आले, छाननी झाली आणि मागणी निघाली सुमारे एक कोटी बारा लाखांची. बाकीचे अठ्ठ्याऐंशी लाख कुठे गेले, असं विचारू नये. ते रांगेत दिसले नाहीत, आणि रांगेत नसलेल्या माणसाला गरज नसते, हे नियोजनशास्त्राचं पहिलं तत्त्व आहे.

त्याआधी २०१२ साली केंद्राच्या एका तांत्रिक गटाने शहरांतली टंचाई १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची असल्याचं मोजलं होतं. त्यात अगदी उघड्यावर झोपणारी कुटुंबं साधारण सव्वापाच लाख, तर दाटीत राहणारी जवळपास दीड कोटी. लग्न झालेल्या जोडप्याला स्वतंत्र खोली नसली, की ते घर दाटीचं, अशी गटाची व्याख्या होती. ही व्याख्या सोलापूरच्या पूर्वभागात कुणी मोठ्यानं वाचून दाखवली असती, तर लोक हसून लोळले असते. इथे एका खोलीत माग असतो, मागाखाली भांडी असतात, भांड्यांशेजारी सासूबाई असतात, आणि संसार उरलेल्या जागेत करायचा असतो. ज्या काळात हे दीड कोटी दाटीत सापडले, त्याच काळातल्या २०११ च्या जनगणनेत शहरांमध्ये एक कोटी दहा लाखांवर घरं रिकामी निघाली. माणसं दाटीत आणि घरं एकटी. सरकारने दोघांची गाठ घालून द्यायचा प्रयत्न केला नाही, कारण असल्या स्थळांत पत्रिका जुळत नाही.

टंचाई हटवायचा दुसरा उपाय म्हणजे साल बदलणं. संयुक्त राष्ट्रांनी १९८७ हे बेघरांच्या निवाऱ्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, आणि त्यापाठोपाठ २००० सालापर्यंत जगात सर्वांना निवारा मिळावा असं धोरण आखलं. २००० साल आलं. त्या वर्षी संगणक बंद पडतील अशी भीती होती, ते पडले नाहीत. निवारा मिळेल अशी आशा होती, तोही मिळाला नाही. पुढे ‘सर्वांसाठी घरे, २०२२’ आलं. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात प्रत्येकाच्या डोक्यावर पक्कं छत असेल असा वायदा होता. अमृतमहोत्सव साजरा झाला, घरोघरी तिरंगा लावा असं आवाहन झालं, आणि घर नसलेल्याने तिरंगा कुठे लावायचा हा प्रश्न ध्वजसंहितेत बसत नसल्यामुळे कुणी विचारला नाही. मुदत डिसेंबर २०२४ झाली, मग डिसेंबर २०२५. दरम्यान सप्टेंबर २०२४ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती निघाली. तीत आणखी एक कोटी घरं, पाच वर्षांत.

महाराष्ट्रही मागे नाही. मे २०२५ मध्ये राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर झालं, ‘माझे घर, माझे अधिकार’. २०३० पर्यंत ३५ लाख घरं आणि ७० हजार कोटींची गुंतवणूक. याआधीचं धोरण २००७ चं. म्हणजे धोरणालाच धोरण मिळायला अठरा वर्षं लागली. तेव्हा कुणा गरिबाला ताबा मिळायला तितकीच लागली, तर त्याने कुरकुर करायचं कारण नाही. घरात शिरायला मिळो न मिळो, अधिकार मात्र आता छापील आहे. तो लॅमिनेट करून ठेवावा, पावसात छपराला भोक पडलं तर कामी येईल.

आता योजना समजावून घेऊ, कारण ती समजली नाही असं म्हणणं हा अर्जदाराचा नेहमीचा बहाणा असतो. पंतप्रधान आवास योजनेच्या पहिल्या आवृत्तीचे घटक चार. कचेऱ्यांमध्ये त्यांना नावाने कुणी ओळखत नाही, ‘घटक एक’, ‘घटक चार’ असंच म्हणतात.

घटक एक म्हणजे झोपडपट्टीचा आहे त्याच जागेवर पुनर्विकास. झोपडीखालच्या जमिनीची किंमत वापरून खासगी विकासकाने झोपडीवाल्याला घर द्यायचं. ही कल्पना मुंबईला सुचली आणि मुंबईलाच शोभते. तिथे झोपडीखाली सोनं असतं. सोलापुरात झोपडीखाली मुरूम असतो, तेव्हा विकासकाला इथे समाजसेवेची उर्मी येत नाही.

घटक दोन म्हणजे कर्जाच्या व्याजावर अनुदान. हा घटक सर्वांत दयाळू. सुरुवातीला तो गरिबांसाठी होता, पण गरिबाला बँक कर्ज देत नाही हे ध्यानात आल्यावर सरकारने गरिबीची मर्यादा वर उचलली. २०१७ पासून वर्षाला अठरा लाखांपर्यंत कमावणारा मध्यमवर्गीयही त्यात आला. त्याला केंद्राकडून मिळणारं अनुदान जास्तीत जास्त दोन लाख तीस हजार. आणि तिसऱ्या घटकातून घर घेणाऱ्या विडी कामगार बाईला केंद्राचे दीड लाख, वर राज्याचा एक लाख. केंद्राचा पैसा केंद्राच्या पैशाशी ताडून पाहिला, तर वर्षाला अठरा लाख मिळवणं हे विड्या वळण्यापेक्षा ऐंशी हजारांनी जास्त कष्टाचं काम आहे. मध्यमवर्गासाठीचा हा पदर मार्च २०२१ मध्ये आवरला गेला. तोवर ज्यांना तो मिळायचा त्यांना मिळाला होता, आणि ते गृहप्रवेशाच्या पूजेला बसून फुकट्या योजनांवर टीकाही करून मोकळे झाले होते.

घटक तीन म्हणजे भागीदारीतून परवडणारी घरं. त्याच्याकडे नंतर येऊ, कारण सोलापूरची खरी गोष्ट तिथे आहे. घटक चार म्हणजे स्वतःच्या जागेवर घर बांधायला अनुदान. हा त्या बेघरांसाठी आहे ज्यांच्या नावावर जागा आहे, जागेचा निर्वेध उतारा आहे, बांधकाम परवाना आहे आणि पहिला हप्ता येईपर्यंत पाया खोदायला पैसा आहे. असा बेघर सापडला तर त्याचा जाहीर सत्कार व्हावा.

पात्रतेची मुख्य अट साधी आहे. अर्जदाराच्या कुटुंबाचं भारतात कुठेही पक्कं घर नसावं. नसलेलं दाखवायचं कसं, हा प्रश्न वेदान्तातही सुटलेला नाही. तो आपल्याकडे खिडकीवर सोडवतात. खिडकी कुठलीही घ्या, संवाद एकच.

‘‘पत्ता?’’

‘‘भाड्यानं राहते, साहेब. पूर्वभागात.’’

‘‘भाडेकरार?’’

‘‘मालक देत नाही की. करार केला तर घर बळकावाल म्हणतो.’’

‘‘लाईट बिल?’’

‘‘मालकाच्या नावावर.’’

‘‘मग तुम्ही तिथं राहता याला पुरावा काय?’’

‘‘चला की बघायला. जेवूनच या.’’

‘‘अक्का, चेष्टा नको. कुटुंबात किती?’’

‘‘आम्ही दोघं, दोन पोरं, थोरल्याची बायको, सासू.’’

‘‘थोरल्याचं लग्न झालंय? मग तो तुमच्या कुटुंबात नाही. सासूही नाही. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि बिनलग्नाची मुलं.’’

‘‘मग ती सगळी माझ्याच घरात जेवतात ती कोण?’’

याचं उत्तर मार्गदर्शक सूचनांमध्ये नाही. व्याख्येनुसार अक्कांच्या एका खोलीत तीन कुटुंबं राहतात, म्हणजे त्यांना तीन घरं मिळायला हवीत. पण तीन अर्ज करायला तीन पत्ते लागतात, आणि पत्ता तर एकच, तोही सिद्ध न होणारा. बरं, घर मिळालंच तर ते तीस चौरस मीटर चटईक्षेत्राचं. थोरला आणि त्याची बायको आत आली, की तांत्रिक गटाच्या व्याख्येप्रमाणे हे घरही दाटीत, आणि अक्का पुन्हा टंचाईच्या आकड्यात हजर.

सोलापूरने मात्र एक अशी वसाहत योजना पाहिलेली आहे, जिच्यासाठी कुणाला अर्ज करावा लागला नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि पुढे त्यांच्यासाठी जागोजागी वसाहती केल्या. त्यातली एक मोठी सोलापुरात होती. त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. भोवती तारेचं कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जायला परवानगी. निवारा, रोजगार आणि पत्ता, तिन्ही एका ठिकाणी. पत्ता तर इतका पक्का की तो पोलिसांना तोंडपाठ. सरकारने लाभार्थ्यांना स्वतः शोधून काढलं, मोजलं, आणून बसवलं आणि एकही माणूस यादीतून सुटू दिला नाही. गरिबांना हुडकून काढायची ही जिद्द प्रशासनाने पुन्हा कधी दाखवल्याचं स्मरत नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला हे लोक कायद्याने मुक्त झाले. कुंपणातून बाहेर पडल्यावर त्यांनी पक्क्या घराबद्दल विचारलं, तेव्हा त्यांच्याकडे जातीचा दाखला मागण्यात आला.

आता घटक तीन. अक्कलकोट रस्त्याला कुंभारी नावाचं गाव आहे. सोलापूरची विडी कामगार बाई घरी तेंदूपत्ता कापते, पानात तंबाखू भरून विडी वळते, दोरा बांधते, माल कारखान्यात नेते, तिथे नापसंत विड्या बाजूला काढल्या की मान खाली घालून परत येते. अशा बायकांसाठी लाल बावट्याने कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी केली. नाव दिलं गोदूताई परुळेकर यांचं, म्हणजे वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या बाईंचं. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी सोलापूरला आले. त्यानंतर तिथेच रे नगर आलं. तीस हजार घरं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, रिक्षावाले, कचरा वेचणारे. ९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी पायाभरणी केली. तेव्हा सांगितलेला खर्च १,८११ कोटी, त्यात केंद्र आणि राज्याचं मिळून अनुदान ७५० कोटी. उरलेला आकडा कुणाच्या डोक्यावर, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. १९ जानेवारी २०२४ ला मोदी परत आले आणि १५,०२४ घरांचं लोकार्पण झालं. लहानपणी आपल्याला असं घर मिळालं असतं तर, असं म्हणताना त्यांचा कंठ दाटून आला. तो देशाने दूरदर्शनवर पाहिला. अयोध्येतला सोहळा तीन दिवसांवर होता, त्यामुळे त्या आठवड्यात देशात घराचा विषय एकूणच जोरात होता.

या तारखा नीट पाहा. पायाभरणी जानेवारी २०१९, चावी जानेवारी २०२४. दोन्ही वेळा लोकसभा निवडणूक तीन-चार महिन्यांवर. काँक्रीटला ठरलेली ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात असं स्थापत्यशास्त्र सांगतं. घरकुलाला एक लोकसभा लागते. आणि चावी दिलेली १५,०२४ वजा केली तर त्या दिवशी मागे उरलेली घरं १४,९७६. निम्म्याहून चोवीस घरं जास्त दिली, हे कुणी नाकारू नये.

या सगळ्याचे कर्तेकरवते माजी आमदार नरसय्या आडम, सोलापूरकरांचे आडम मास्तर. मार्क्सवादी. २०१९ च्या त्या मंचावर मास्तरांनी मोदींचं आणि फडणवीसांचं कौतुक केलं. काम करणाऱ्याला बरं म्हणावं, एवढा सोलापुरी साधेपणा. पक्षाच्या केंद्रीय समितीने त्यांना तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. तीस हजार गरिबांच्या घरांचा पाया घातल्याबद्दल आणि त्याला पैसे देणाऱ्याचे आभार मानल्याबद्दल जगात इतर कुठल्या कम्युनिस्टाला शिक्षा झाली असेल, तर वाचकांनी कळवावं. भाजपची अडचण वेगळी होती. आपल्या योजनेचं एवढं मोठं यश दाखवायला नेमकी लाल बावट्याची वसाहत सापडली. काँग्रेसला आठवण राहिली की २००६ ला आपण आलो होतो. म्हणजे कुंभारीच्या माळावर या देशातली बहुतेक सगळी राजकीय विचारसरणी हजर आहे आणि प्रत्येकीकडे कोनशिलेचा फोटो आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कोनशिलेवर नाही. चार घटकांची ही योजना सगळ्या देशात सारखीच आहे, मग तीस हजारांची वसाहत सोलापूरलाच का? इथले साहेब जास्त हुशार नाहीत, इथली महापालिका जास्त चपळ नाही. महापालिकेची चपळाई नळ सांगतो. स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत, जानेवारी २०१६ मध्ये, सोलापूर देशात नववं आलं. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येत राहिलं. फरक एवढाच, की इथे हजारो बायका वर्षानुवर्षं उन्हात रस्त्यावर बसल्या. पूनम गेटला बसल्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या ज्या दारासमोर सोलापूरचं प्रत्येक दुःख एकदा तरी घोषणा देऊन जातं तिथे. त्या दिवशीची विडी बुडाली, मजुरी बुडाली, तरी बसल्या. योजनेचे घटक चार असतील, पण सोलापुरात घर मिळालं ते पाचव्यातून. तो मार्गदर्शक सूचनांत नाही म्हणून त्याचं श्रेय कुणाला देता येत नाही. सरकारने धोरण आखलं, लोकांना घर मिळालं, असं वाक्य आपण घाईने लिहितो. कुंभारीत क्रम उलटा होता. लोकांनी घर मागत राहायचं सोडलं नाही, आणि त्या त्या काळात जी योजना हाताशी होती, तिच्या अंगावर ते चढवलं.

चावी मिळाल्यावर धोरणाचं काम संपतं, अक्कांचं सुरू होतं. कारखाना शहरात, घर कुंभारीत. वळलेल्या विड्या काही पायाने चालत जात नाहीत. बसचं तिकीट, कर्जाचा हप्ता, पाण्याची वेळ, पोराची शाळा, हे सगळं हजार विड्यांच्या मजुरीत बसवायचं. पूर्वी खोलीचं भाडं थकलं तर मालक शिव्या देऊन गप्प बसायचा. बँक शिव्या देत नाही, पण गप्पही बसत नाही. परवडणारं घर म्हणजे सरकारला परवडणारं, हे कागदावर लिहिलेलं नसतं. ते हप्त्याच्या तारखेला समजतं.

तेव्हा आम्ही राज्याच्या सोयीसाठी शासन निर्णयाचा मसुदाच तयार केला आहे. तो असा.

शासन निर्णय : पंतप्रधान आवास योजनेत घटक क्रमांक पाच, ‘मोर्चा’, समाविष्ट करण्याबाबत. 

एक. अर्जदाराला किमान दहा वर्षांचा मोर्चाचा अनुभव असावा. आईचा अनुभव असल्यास वारसाने धरला जाईल. 

दोन. कागदपत्रे : तळपायाच्या भेगांची स्वसाक्षांकित प्रत, बुडालेल्या मजुरीचा तपशील, आणि निवेदन स्वीकारताना ‘बघतो’ म्हणालेल्या अधिकाऱ्यांची यादी. जागा कमी पडल्यास पुरवणी जोडावी. 

तीन. प्रत्येक मोर्चाचे जिओ टॅगिंग करावे. घराच्या पायाचे, जोत्याचे आणि छताचे फोटो अपलोड करता येतात, तर उन्हात बसलेल्या बायकांचेही करता यावेत. हप्ता फोटोनुसार द्यावा. 

चार. भूमिपूजन आणि लोकार्पण सार्वत्रिक निवडणुकीच्या वर्षी, शक्यतो जानेवारीत व्हावे. हवा बरी असते, शिवाय गड्ड्याची जत्रा असल्याने मांडव आणि लाऊडस्पीकर गावात तयार मिळतात. 

पाच. समारंभात डोळे पाणावण्याचा अधिकार यापुढे लाभार्थ्यांनाही राहील. वेळ प्रत्येकी दहा सेकंद. 

सहा. श्रेयाचे वाटप समप्रमाणात करावे. केंद्राला एक कोनशिला, राज्याला एक, विरोधी पक्षाला एक. मोर्चातल्या बायकांना कोनशिलेऐवजी नळ द्यावा. नळाला पाणी येईल असा आग्रह धरू नये. 

सात. ज्यांची संघटना नाही, ज्यांचा कुणी मास्तर नाही, जे रोज वेगळ्या नाक्यावर काम शोधतात, ज्यांना एक दिवस खाडा करून रस्त्यावर बसणं परवडत नाही, ते या घटकात बसत नाहीत. त्यांनी घटक एक ते चार पाहावेत. 

आठ. अंमलबजावणी तात्काळ. तात्काळ म्हणजे २०३०, मुदतवाढीस अधीन.

सातवं कलम लिहिताना हात अडखळला, पण खोडता येईना, कारण आज प्रत्यक्षात चालू आहे ते तेच. जे एकत्र येऊ शकले त्यांना कुंभारी मिळाली. पूर्वभागातल्या आमच्या अक्का एकट्या आहेत. त्यांची फाईल अजून पत्त्याच्या पुराव्यावर अडली आहे.

मसुदा आम्ही गृहनिर्माणातल्या एका निवृत्त, अनुभवी साहेबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. पात्रता ठीक आहे म्हणाले. कागदपत्रं ठीक आहेत, जिओ टॅगिंगची कल्पना तर फारच छान. मग पानं उलटसुलट करून पाहिली, मागची बाजूही तपासली आणि काळजीच्या स्वरात विचारलं, ‘‘सगळं आहे हो, पण यात निविदा कुठे काढायची?’’